बाळासोंचा झेंडा

आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाचे काचेचे इवले पेले धुवावेत तर बाळासोंनीच. आयुष्यभर शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुतलेला माणूस. एकेक पेला उजेडाला धरून बघणार, ठिपका दिसला की पुन्हा धुणार. पुसायला मी असते. तीस वर्षं नर्स होते मी, पण स्वच्छतेत मला कुणी हरवलं असेल तर या गृहस्थानं.

आणि हाच माणूस, पेल्यांचं तबक समोर आलं की स्वतः न घेता, मान खाली घालून पुढं सरकवायचा. एकदा नाही, नऊ वर्षं, यंदाच्या ईस्टरपर्यंत. मंडळी म्हणायची, केवढा नम्र माणूस. मला काही ते पटेना. दुखणं लपवणारे पेशंट मी पुष्कळ बघितलेत.

ईस्टरच्या आधी, पेले पुसताना मी सरळच विचारलं, "बाळासो, का घेत न्हाय तुम्ही?"

आधी टाळलं, मग सांगितलं. जन्म शिवाजी पेठेतला, फुटबॉलचं वेड, म्हणून पेठांमधल्या तालमींच्या फुटबॉल संघांच्या सामन्यांत ते लाइनमन, म्हणजे कडेला झेंडा घेऊन उभे राहणारे पंच, असायचे. ख्रिस्ती माणूस, खोटा झेंडा उचलणार नाही, अशी ख्याती. दोन्ही बाजूंना तेच हवे असायचे. नऊ वर्षांपूर्वी एका सामन्यात शेवटच्या मिनिटाला ऋतुराज नावाच्या खेळाडूनं गोल मारला, तोही बाळासोंच्या लहानपणापासूनच्या लाडक्या संघावर. गोल चोख होता. बाळासोंनी ऑफसाईडचा झेंडा वर केला.

"हात आपोआप गेला म्हणायचो मी," ते म्हणाले. "पर आपोआप न्हाय. मीच उचलला."

ऋतुराज हुज्जत घालायला धावला, तेव्हा त्याच्या वडिलांनी, गणपतरावांनी, मैदानात उतरून सगळ्यांदेखत त्याच्या कानाखाली वाजवली. बाळासो खोटं बोलंल व्हय, म्हणाले. त्यानंतर ऋतुराज कधी खेळला नाही.

"देव पवित्र हाय, सिस्टर. असल्या हातानं पेला कसा घेऊ?"

मला त्यांची कीव आली आणि रागही आला. "दवाखाना स्वच्छ हाय म्हणून जखम घेऊन येऊ नका, असं मी एकाबी पेशंटला सांगितलं न्हाय. देवानंच बोलावलंय न्हवं? मग विश्वास ठेवा की. आणि नऊ वर्षं देवापुढं रडलात, ऋतुराजला सांगितलंत का?"

नव्हतं सांगितलं. सांगितलं तर पेठेत तोंड दाखवायला जागा नाही, म्हणाले. खरंच होतं ते. त्या नावाशिवाय बाळासोंजवळ दुसरं होतं काय?

चार दिवसांनी ते आपणहून माझ्या दारात उभे. "आधी देवावर भार टाकलाय," म्हणाले. "आता चला." मी स्कूटर काढली.

उचगावात ऋतुराजचं पंक्चरचं दुकान आहे. आता त्याचं पोट सुटलंय. बाळासोंना बघून त्यानं अदबीनं खुर्ची पुढं केली. ते बसले नाहीत.

"त्यो गोल हुता," म्हणाले. "मी बघितलं हुतं. मुद्दाम झेंडा उचलला. माफी मागायला आलोय."

मी भांडणाच्या तयारीनं पदर खोचून उभी होते. ऋतुराज मात्र हातातल्या ट्यूबकडं बघत राहिला.

"मला वाटायचं, मीच ऑफसाईड हुतो," तो म्हणाला. "सोताच्या डोळ्यांनी बघितलं हुतं, तरीबी. तुम्ही सांगितलं म्हटल्यावर खोटं कसं असंल?"

बाळासो रडायला लागले. एक गोल चोरला, एवढंच ते आजवर धरून चालले होते.

ऋतुराजनं हात पुसून फोन लावला. "आबा, बाळासो आल्यात. काय म्हणत्यात ऐका." आणि फोन त्यांच्या हातात दिला. गणपतरावांना सांगायचं म्हणजे अख्ख्या पेठेला सांगायचं, हे बाळासोंना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी डोळे मिटले आणि रस्त्यापलीकडं ऐकू जाईल अशा आवाजात सगळं पुन्हा सांगितलं.

मग गणपतरावांचा आवाज मलाही ऐकू आला. "जरा पोराला द्या."

ऋतुराज फोन घेऊन आमच्याकडं पाठ करून उभा राहिला.

"व्हय, आबा," म्हणाला. मग थोड्या वेळानं, अगदी हळू, "न्हाय, आबा. लई न्हवतं लागलं."