आत्ता आणि एरवीचे दोन कागद

भाऊ बोट घेऊन समुद्रात गेला की वहिनीचे हात थरथरायचे, छाती धडधडायची, झोप उडायची. आमच्या पाली गावातल्या बायकांनी निदान केलं, नजर लागली. मी चार बुकं शिकलेली नणंद. मला त्यांची कीव आली. मी तिला शहरात, केबिन रोडजवळच्या एका मनोविकारांच्या दवाखान्यात नेलं.

तिथे थेट डॉक्टरांकडे सोडत नाहीत. समुपदेशक बाईंनी आमच्यापुढे दोन कागद सरकवले. एकावर आत्ता, या क्षणी कसं वाटतंय. दुसऱ्यावर एरवी कसं वाटतं. पहिल्याने तात्पुरती चिंता मोजायची, दुसऱ्याने कायमची. प्रत्येक वाक्यापुढे चार चौकोन, ‘अजिबात नाही’पासून ‘खूपच’पर्यंत. आकडा पुरेसा आला तरच डॉक्टरांची वेळ मिळणार. काय एकेक थेरं!

वहिनीला वाचायला वेळ लागतो, म्हणून मी वाचत गेले.

“मला भीती वाटते?”

“अजिबात न्हाय.”

“मी अस्वस्थ आहे?”

“न्हाय.”

हे सांगताना तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. दोन्ही कागद तसेच भरले गेले. बाईंनी बेरीज केली आणि गोड हसल्या. “यांना काहीच टेन्शन नाहीये. दोन्ही स्कोअर एकदम लो. मोबाइल कमी बघा, हळदीचं दूध घ्या.” समोर जिवंत बाई थरथरतेय आणि ही बया बेरीज बघतेय.

मी तडकले. “अहो, बोट बाहेर असली की आमच्यात घरची बाई भीतीचं नाव तोंडातून काढत नाही. काढलं तर ते बोटीच्या मुळावर येतं म्हणतात. खोटं सांगितलंय तिने सगळं.”

“मग खरं भरा ना,” म्हणत त्यांनी कोरे कागद दिले आणि फोन घ्यायला बाहेर गेल्या.

वहिनीने कागद बाजूला सारले. “बोट बाहेर हाय. मी न्हाय सांगनार.”

मला तिचाही संताप आला. म्हटलं, दे इकडे, मीच भरते. कागद मूर्ख, बाई मूर्ख, वहिनी मूर्ख. शहाणी काय ती मी एकटी.

‘मला भीती वाटते.’ शेवटच्या चौकोनात एक खूण करायची होती, बस. पेन टेकवलं आणि आठवलं, तीन दिवस भावाचा फोन लागलेला नाही. एवढी शिकलेली मी, पण माझा हात पुढे जाईना. मी ‘अजिबात नाही’वर खूण केली. मग पुढच्या वाक्यावर, त्याच्या पुढच्यावर. दोन्ही कागद मी तसेच भरले.

बाईंनी परत बेरीज केली. “बघा, तेच आलं. म्हणजे टेस्ट बरोबर आहे.”

मी हो म्हटलं, आणि वहिनीला तशीच थरथरत घरी घेऊन आले.