शंभर सुनांना छळणारी आनिके

ओग्बोमोशो गावी, नवरीच्या घरच्या अंगणात मांडवाखाली दोन्ही घरची माणसं समोरासमोर बसली होती. मुलाकडच्या बायकांच्या डोक्याला निळे फेटे, मुलीकडच्यांच्या नारिंगी. मध्ये बेचाळीस यामचे कंद रचलेले, शेजारी मधाच्या बाटल्या आणि मानाच्या कोला-बियांची परडी. समारंभ चालवायला बोलावलेली तोंडाळ बाई नवऱ्या मुलाला, अकिनवुमीला, दमच घेऊ देत नव्हती.

"हा काय साष्टांग नमस्कार झाला? पोट जमिनीला लागलंच नाही! पुन्हा!"

अकिनवुमी आणि त्याचे मित्र तिसऱ्यांदा धुळीत आडवे झाले. त्याची आई आनिके ओगुनशोला हसून हसून डोळे पुसत होती. एकुलता एक मुलगा, त्याची सोयरीक. आज ती हवेतच होती.

तेवढ्यात नवरीच्या आजीला खुर्चीसकट बाहेर आणून बसवलं. सगळं गाव तिला इया दुरो म्हणे, म्हणजे दुरोची आई. म्हातारीनं समोर पाहिलं आणि काठी उगारली.

"ही बाई? अगं, हिनं त्या गरीब सुनेच्या सूपमध्ये काच कुटून घातली होती!"

"इया, तो सिनेमा होता," नवरी, इबिरोंके, कुजबुजली.

"मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय! दोनदा! दुसऱ्या वेळी तर आधीच ओरडून सांगितलं, खाऊ नको गं बाई म्हणून. ऐकते कोण! उचला ते कंद. माझी नात हिच्या घरात जाणार नाही."

ढोल थांबला. अकिनवुमी धुळीत तसाच पडून राहिला. उठावं की नाही, हे त्याला कळेना.

आनिकेला हे नवं नव्हतं. सिनेमातल्या सासवांच्या रागानं बाजारात मिरचीवाल्या तिला माल देत नसत. इलोरिनला एकदा नाटकात ती दुष्ट बाई झाली, तर प्रेक्षकांनी संत्र्यांचा मारा केला होता. त्या दिवशी नाटकमंडळीचा मालक तर नाचला होता: "आनिके, लोक तुला मारायला उठले म्हणजे तू नटी झालीस!" पण आज संत्र्यांचा नेम तिच्या लेकावर लागला होता.

ती ओशोग्बोची, निळ्या रंगात कापड बुडवणाऱ्यांच्या घरातली. सोळाव्या वर्षी सभागृहाच्या दाराशी चवळीची भजी विकायला बसली असताना नाटकवाल्यांची लॉरी भोंगा वाजवत आली. खेळ संपला, भज्यांची टोपली तिथंच राहिली आणि पोरगी लॉरीत चढली. मग गावोगाव वणवण. शाळांचे वर्ग, राजांची अंगणं, कधी नुसतं ताडाच्या झावळ्यांचं कुंपण घातलं की झालं थिएटर. मंडळीतल्याच ढोलवाल्याशी तिनं लग्न केलं. पुढं रिळांचे सिनेमे आले आणि रिळं महाग होऊन गेलेही. लॉरी गंजली. सगळे म्हणाले, संपलं आता. तेव्हा कुणीतरी लग्नाचं चित्रण करणारा व्हिडिओ कॅमेरा घेऊन आला. उसन्या दिवाणखान्यात, घरचेच कपडे नेसून, जनरेटर बंद पडला की थांबत त्यांनी चार दिवसांत सिनेमा उरकला. त्यात आनिके खाष्ट सासू झाली. मग दर महिन्याला एक सासू. ढोलवाला नवरा वारला त्याच्या तेराव्या दिवशीही तिनं एका सुनेला घराबाहेर काढलं होतं, कॅमेऱ्यासमोर.

आता ती उठली, इया दुरोपुढं गुडघे टेकले.

"इया, शपथ घेत नाही. माझं काम बघा, मग काय ते ठरवा."

तिनं मांडवातल्या ढोलवाल्याला खूण केली. फेटा कपाळावर ओढला आणि सासू झाली. मान ताठ, आवाज विळ्यासारखा: "भांडी घासलीस की नुसती कुरवाळलीस?" लगेच खांद्यावरचं वस्त्र डोक्यावर घेतलं, आणि सहासष्ट वर्षांची बाई एकोणीस वर्षांची थरथरती सून झाली. सासू, सून, सासू, सून! ढोल तिच्यामागं धावू लागला. निळे आणि नारिंगी फेटे एकत्र डोलायला लागले. सासूनं वाटी पुढं केली तशी इया दुरो खुर्चीतून ओरडली, "पळ गं पोरी!"

आनिके गर्रकन वळली आणि इया दुरोच झाली! तोच वाकलेला खांदा, तीच उगारलेली काठी, तोच चिरका आवाज: "खाऊ नको गं बाई! ऐकते कोण!"

म्हातारीची नक्कल, तीही तिच्याच दारात!

इया दुरोनं आधी डोळे वटारले. मग तिचा खांदा हलला, मग पोट हललं, आणि ती अशी हसत सुटली की दोघी नातींना तिला धरावं लागलं.

"मग ती काच?"

"खडीसाखर होती, इया. काम संपल्यावर सुनेनं वाटी चाटूनपुसून साफ केली."

"आणि ही खुनशी नजर? ती कुठून आणलीस?"

आनिकेनं डोक्यावरचं वस्त्र पुन्हा खांद्यावर घेतलं. "लॉरीत चढले त्याला दोन वर्षं झाल्यावर घरी गेले होते. बापानं दारातून माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, त्याच नजरेनं मी जवळजवळ पन्नास वर्षं पाहतेय. मला दुसरी येत नाही."

म्हातारीनं हात पुढं करून तिला उठवलं, आपल्या शेजारी बसवलं. मग काठी आपटली.

"कंदांना कोण हात लावतंय? आणि त्या पोराला उठवा रे, माती खाऊन पोट भरेल त्याचं!"

ढोल असा कडाडला की शेजारच्या गल्लीतली माणसं धावत आली.

लग्न झालं. तीन महिन्यांनी आनिके इबादानला नव्या सिनेमाच्या कामाला निघाली तर इया दुरो नवं कापड नेसून गाडीत आधीच बसलेली. दिग्दर्शकानं तिला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवून बजावलं, "आजी, तुम्ही फक्त गप्प बसायचं." कॅमेरा सुरू झाला. आनिकेनं सुनेवर हात उगारला मात्र, आजी ताडकन उभी राहिली.

"हात खाली! मी जिवंत असेपर्यंत नाही!"

संवादांच्या कागदावर हे कुठंच नव्हतं. दिग्दर्शक 'थांबा' म्हणायलाच विसरला. आनिकेचा उगारलेला हात तसाच हवेत राहिला. पन्नास वर्षांत पहिल्यांदाच तिला पुढचं वाक्य सुचेना, आणि आनंदानं तिचं सगळं अंग शहारलं.