चारशे पत्रिका

शालोमकाका माझ्या छापखान्यात लेकीच्या लग्नाची पत्रिका लिहायला बसले होते. गावातलं हे शेवटचं ज्यू घर. बाकीचे केव्हाच इस्रायलला गेले.

‘आपली उपस्थिती प्रार्थनीय’ ही ओळ मी प्रत्येक पत्रिकेत डोळे मिटून टाकतो. काकांनी तिच्याखाली लिहिलं, ‘दहा ज्यू पुरुष जमल्याशिवाय आमच्यात लग्नाचे आशीर्वाद म्हणता येत नाहीत.’

“किती छापू?”

“चारशे. सगळं गाव येईल.”

“मग काळजी कसली, काका?”

त्यांनी खालची ओळ खोडली. “ज्यांना हे सांगायचं, त्यांतलं इथं कुणी नाही रे.”

आणि पत्रिका छापून झाल्यावर पहिल्या पत्रिकेवर त्यांनी माझं नाव घातलं.

मी जाणारच. मांडव माणसांनी फुलून जाईल, आणि त्यात दहा माणसं नसतील.