मंजुश्री गल्लीची पाटी

लातुरात औसा रोडच्या मागे एक गल्ली आहे. आज तिथं एकाआड एक घर मुलींचं हॉस्टेल, आणि मधल्या घरात मेस. पंधरा-सोळा वर्षं तिच्या तोंडाशी निळी पाटी होती, मंजुश्री गल्ली. ही मंजुश्री कोण, कुणाला सांगता यायचं नाही. कुणी म्हणे कर्नाटकातली देवी, कुणी म्हणे प्लॉटिंगवाल्याची आई. ज्यांना ठाऊक होतं ते नवराबायको, चंद्रप्पा आणि कमलम्मा, मिठाची गुळणी धरून बसले होते.

मंजुश्री त्यांची लेक, नऊ वर्षांची. त्र्याण्णवच्या भूकंपात औसा तालुक्यातलं त्यांचं घर बसलं आणि त्यात ती गेली. लिंगायतांत माणूस गेलं की त्याला बसवून माती देतात, वर समाधी बांधतात, पुढं तिथं विभूती-बेल वाहतात. पण तेव्हा खड्डे खणायला धडधाकट माणसं उरली होती कुठं? त्यात पाऊस थांबेना. पडक्या घरांचीच लाकडं रचून, जातपात न बघता, सगळ्यांना एकत्र अग्नी दिला. चंद्रप्पानं लेकीला आपल्या हातानं त्या ढिगावर ठेवलं. यात कुणाचीच चूक नव्हती. तरी कमलम्माच्या मनात ते गुन्ह्यासारखं रुतून बसलं, आणि सोयऱ्याधायऱ्यांत कुणी विचारलं की ती सांगायची, गावाकडंच माती दिली.

मग ती दोघं लातुरात आली. आज गल्ली आहे तिथं तेव्हा नुसता माळ होता, त्यावर पहिलं घर त्यांचंच. पोस्टमननं पत्त्यासाठी गल्लीचं नाव विचारलं आणि कमलम्माच्या तोंडून लेकीचं नाव निघून गेलं. तेच पत्रांवर आलं, मग रेशनकार्डावर, शेवटी पालिकेच्या पाटीवर. दर सोमवारी ती पाटीच्या खांबावर विभूतीची तीन बोटं ओढायची. लोक म्हणायचे, म्हातारी लई भाविक. लोकांना काय जातंय म्हणायला.

मग क्लासेसचा सुकाळ झाला. अहमदपूर, कंधारहून पोरी डॉक्टर व्हायला येऊ लागल्या आणि हॉस्टेलवाल्यांना जुनं नाव खटकू लागलं. त्यांना 'गुणवंत मार्ग' हवं होतं. कोपऱ्यावरचा हॉस्टेलवाला राजशेखर अर्ज घेऊन घरोघर सह्यांसाठी फिरला. तिशीतला, जातीतलाच, वागायला नम्र. कमलम्माकडं येऊन त्यानं सरळच विचारलं.

"अज्जी, तुमी इथल्या सगळ्यात जुन्या. ही मंजुश्री तुमच्या वळखीतली कुणी असंल तर सांगा. हा अर्ज हितंच फाडतो."

चंद्रप्पानं बायकोकडं पाहिलं. एक शब्द पुरला असता. पण लेक म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, समाधी कुठं हाय? आणि उत्तर आठ दिवसांत सगळ्या पाहुण्यांत गेलं असतं.

"आमाला काय ठावं न्हाई," कमलम्मा म्हणाली, आणि तिनं सही केली.

पालिकेत ठराव झाला. दोन महिन्यांनी माणसं येऊन पाटी उतरवू लागली तशी कमलम्मा अनवाणीच धावली. पत्र्याची पाटी तिनं छातीशी धरली, सोडेचना. राजशेखर समजूत घालायला आला, तेव्हा तिचा बांध फुटला. लेक, ढीग, अग्नी, आजवरचं खोटं, सगळं तिनं भर गल्लीत सांगून टाकलं. पोरी वह्या छातीशी धरून ऐकत उभ्या राहिल्या.

राजशेखर खाली बसला.

"माझा बापबी तसाच गेला, अज्जी. शेजारच्याच गावात. आमीबी लोकांला माती दिली म्हणूनच सांगताव."

ठराव आता फिरणार नव्हता. संध्याकाळी त्यानंच त्यांच्या अंगणात खड्डा खणला. पाटी उभी ठेवून चंद्रप्पानं बेल वाहिला. पहिली मूठ माती कमलम्मानं टाकली, आणि दुसरी घ्यायला तिचा हात उचलेना.