मीटरवर दिसल्याशिवाय न मानणारे अण्णा

मला स्किझोफ्रेनिया आहे, हे माझ्या वडिलांनी कित्येक वर्षं मानलं नाही.
ते काल गेले.

अण्णा अलोऱ्याला विजेच्या प्रोजेक्टवर इलेक्ट्रिशियन होते. देवाचा कौल मानायचे नाहीत, डॉक्टरचं बोलणं तर नाहीच. "मीटरवर दाखव, मग मानतो." सगळ्याला हेच.

मला आवाज यायचे. कॉलेज सुटलं, नोकरी टिकेना. अण्णांच्या मते ही सगळी कामचुकारपणाची नाटकं. माझ्या गोळ्या त्यांनी सरळ परसात फेकल्या. आई मध्ये पडून पडून थकली.

मग रत्नागिरीच्या डॉक्टरांनी मुंबईतल्या एका रिसर्चबद्दल सांगितलं. मेंदूच्या लहरी मोजून या आजाराच्या निदानाला मदत होते का, ते तिथे बघत होते. तुलनेसाठी घरातलं एक धडधाकट माणूसही हवं होतं.
मशीन म्हटल्यावर अण्णा माझ्याआधी पिशवी भरून तयार!

डोक्याला वायरी, कानाला हेडफोन. टक-टक. जरा थांबून परत टक-टक.
माझ्या केसांत जेल लावता लावता टेक्निशियन दमली. अण्णांचं काम झटपट उरकलं. टक्कल एवढ्या वर्षांनी कामाला आलं.

ग्राफ बघितल्याशिवाय अण्णा हलेनात. डॉक्टर मॅडमनी समजावलं, बहुतेकांचा मेंदू पहिला टक नीट ऐकतो, लगेच आलेल्या दुसऱ्याला फारशी दाद देत नाही. माझा मेंदू दोन्हींना सारखाच दचकतो. एवढ्यावरून निदान करता येत नाही, हेही त्यांनी स्वच्छ सांगितलं.

"आणि माझा?" अण्णांनी विचारलं.
तुमचाही तसाच, त्या म्हणाल्या. तुम्हाला आजार नाही, पण जवळच्या नातेवाइकांत असं कधी कधी दिसतं.

परतीच्या एसटीत चिपळूण जवळ आल्यावर अण्णा म्हणाले,
"माझ्याकडनंच आलंय रे तुला. आणि मीच तुला नाटकी म्हणत होतो."

मी खिडकीकडे तोंड करून रडलो.

त्यानंतर रोज जेवण झालं की गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन अण्णा समोर उभे. मी टाळाटाळ केली की, मेल्या, गीळ आधी.

आता मी बरा आहे. आवाज कमी झालेत, पूर्ण गेले नाहीत. चिपळुणात एका दुकानात काम करतो.

काल अंगणात कुजबुज सुरू झाली. याला झेपायचं नाही, अग्नी काकाच्या मुलाने द्यावा. तेव्हा काकाच पुढे झाला. अण्णांनी हॉस्पिटलात त्याला बजावून ठेवलं होतं,
"अग्नी माझा मुलगाच देईल. त्याच्यात काय कमी नाय."

मी दिला.

अण्णा, निवांत जा. आईला मी बघतो.