अनुशकाकीचं लांबचं देऊळ

हिराकाकीचा फोन आला तेव्हा मी राहनाळच्या गोडाऊनमध्ये गेटपास लिहीत होते. हिराकाकी कधी फोन करत नाही. फोन म्हणजे रिकामटेकड्यांचं खूळ, असं तिचं ठाम मत. त्यामुळे तिचं नाव दिसलं तेव्हाच हातातलं पेन खाली ठेवलं. "अनुशी गेली," एवढंच म्हणाली. मागे कुणाच्या तरी लूमची खडखड ऐकू येत होती... मी विचारलं, कधी? तर म्हणे आत्ताच, चहा पिता पिता, अर्धा चहा अजून कपात आहे. आणि एकदम चिडून म्हणाली, की मी काय दिवसभर फोन धरून बसू का, निघ तिकडून. रिक्षात मी रडले नाही. आमचं कामतघर येईपर्यंत ट्रॅफिकला शिव्या घालत होते. भिवंडीत माणसाला धड रडायलाही रस्ता मोकळा मिळत नाही.

अनुशकाकी आमची शेजारीण. नावावरून ती कुणाला बंगाली वाटायची, रंगावरून कुणाला पारशी. होती आर्मेनियन. आर्मेनिया नेमका कुठे, हे मला विचारू नका. तिनं मला दहा वेळा नकाशात दाखवला आणि मी दहाही वेळा विसरले. इराणच्या वरच्या अंगाला डोंगरातला लहानसा देश, आणि जगात सगळ्यात आधी ख्रिस्ती झालेल्यांपैकी ती माणसं, एवढंच माझ्या डोक्यात राहिलं. तिचे वाडवडील इराणातून कलकत्त्याला आलेले. ती तिथे इस्पितळात नर्स होती. आमचे दत्ताकाका लूमचे जॉबर, म्हणजे बिघडलेला माग ठीक करणारे. नव्या मशिनांचं काम शिकायला म्हणून कलकत्त्याला गेले, तापानं फणफणून तिच्या वॉर्डात पडले, आणि बरे होऊन परतले ते बायको घेऊनच. घरात काय गहजब झाला असेल, तो तुम्हीच ओळखा. घर शेतकऱ्याचं. शेतं जाऊन तिथे लूमचे पत्रे उभे राहिले होते, पण घरातली रीत काही हलली नव्हती. सासूनं मधे भिंत घातली. भिंतीच्या अलीकडे थोरली सून हिरा, म्हणजे आमची हिराकाकी, पलीकडे दत्ता आणि त्याची ही गोरी बाई.

पण बाई खमकी. वर्षाच्या आत आमच्यासारखं बोलायला लागली. हाय, न्हाय, कवा, मना, सगळं. मला शाळेत मराठीच्या बाई शुद्ध बोल म्हणून ओरडायच्या, तेव्हा ही माझी बाजू घेऊन शाळेत भांडायला निघाली होती, कारण तिच्या मते आम्ही बोलतो तीच मराठी. ओट्यावर मलमपट्टीचा डबा घेऊन बसायची. लूममध्ये बोट सापडलेला कामगार शिफ्ट सोडून आधी तिच्याकडे यायचा. यूपीचा असो, तेलंगी असो, ती आधी त्याला झापायची, मग पट्टी करायची, आणि जखम मोठी असली तर स्वतः रिक्षात घालून दवाखान्यात न्यायची. बाळंतपण अडलं की तिला हाक. लूम बंद पडले त्या दिवसांत तिच्या ओट्यावर मोठं पातेलं चढलं आणि गल्लीतल्या साऱ्या बायका भाजी चिरायला बसल्या. कुणी म्हटलं काकी, पुण्य लागेल, तर तिला राग यायचा. हे देवळाचं काम आहे, म्हणायची. "माजं देऊळ लांब हाय म्हणून त्याचं काम थांबवू का?" चर्चला ती देऊळच म्हणायची.

ते देऊळ मुंबईत, फोर्टकडच्या एका बोळात. एके काळी तिथे आर्मेनियन व्यापारी पुष्कळ होते. मग कुणी कलकत्त्याला गेले, कुणी परदेशी, कुणी जमिनीखाली. शेवटी मुंबईत राहिली म्हातारी दोन-तीन माणसं, आणि भिवंडीत ही. वर्षातून एकदा, ऑगस्टच्या एका रविवारी, कलकत्त्याहून फादर येऊन देऊळ उघडत. तेवढी एक पूजा. आता यात एक गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय काकी कळायची नाही. त्यांची प्रार्थना एकट्या फादरनं म्हणून चालत नाही. फादर म्हणणार, सर्वांना शांती असो, आणि समोरून कुणीतरी म्हटलं पाहिजे, आणि तुझ्याही आत्म्याला. तेही त्यांच्या जुन्या आर्मेनियन भाषेतच. पूजाभर असं चालतं. समोर कुणी उत्तर देणारं नसेल तर पूजा होत नाही. इतकी वर्षं ती म्हातारी माणसं आणि काकी मिळून उत्तरं देत. मग एका ऑगस्टला काकी तिकडे पोहोचली तर समोर रिकामी बाकं आणि ती एकटी. तिनं खणखणीत आवाजात सगळी उत्तरं दिली. पूजा संपल्यावर फादर तिला हळूच म्हणाले, की एका माणसासाठी कलकत्त्याहून येणं तिथली मंडळी किती दिवस चालू देतील, सांगता येत नाही. पुढच्या वर्षी बहुतेक जमायचं नाही.

काकी घरी आली ती ताप आल्यासारखी. जेवली नाही. दत्ताकाका गेले तेव्हासुद्धा मी तिला अशी बघितली नव्हती. मला म्हणाली, आई गेली, बाप गेला, नवरा गेला, त्याचं मी बघून घेतलं. पण माझ्या हातानं देऊळ बंद झालं तर वर जाऊन तोंड काय दाखवू? मी आपली समजूत घालायला म्हटलं, माणसंच हवीत ना बसायला, मग आपण आहोत की. मी गमतीत म्हटलं होतं. तिनं दुसऱ्या दिवशी गाडी ठरवली.

आणि खरंच, पुढच्या ऑगस्टला कामतघरातून गाडी भरून माणसं आर्मेनियन पूजेला गेली. मी, माझा नवरा, कपडे शिवणारी सलमाआपा, तेलंगी बायकांचा एक घोळका, आणि काकीनं कधी ना कधी ज्यांची बोटं बांधली होती असे पाच-सहा जण. चपला बाहेर काढायच्या की आत, यावर दारातच वाद. मग सगळ्यांनी काढल्याच, आणि फादर बिचारे इतक्या चपला बघून दारात उभेच राहिले. काकीनं त्यांना ठणकावून सांगितलं, ही माझी माणसं. ख्रिस्ती यात मी एकटीच, पण बसायला आणि ऐकायला सगळी तयार आहेत. फादर हसले. म्हणाले, ठीक आहे, बसा. उत्तरं अर्थात काकीच द्यायची. आम्ही भजनात मागच्या रांगेत बसल्यासारखे नुसते ओठ हलवायचो. तिचा आवाज इतका मोठा की आमचं पितळ कधी उघडं पडलं नाही.

त्या पूजेत द्राक्षं लागतात. त्यांची रीत अशी, की ऑगस्टमध्ये देवळात द्राक्षांना आशीर्वाद मिळेपर्यंत नवी द्राक्षं तोंडात घालायची नाहीत. त्यांच्या देशात द्राक्षं तेव्हाच पिकतात. आपल्याकडे नाशिकची द्राक्षं फेब्रुवारी-मार्चमध्ये हातगाडी-हातगाडीवर, आणि काकी सगळा उन्हाळा त्यांच्याकडे ढुंकून न बघता जायची. आता परदेशी द्राक्षं ऑगस्टमध्येही मिळतात, पण ती तिला चालत नसत. ज्या मातीत राहतो तिथलीच पाहिजेत म्हणे. मग मी कशाला आहे? मी कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला. मार्चमध्ये एक खोकं तिच्या नावानं आमच्या फ्रीजरमध्ये ठेवायचं आणि ऑगस्टमध्ये काढायचं, हे आमचं ठरलेलं. एका वर्षी आमच्या लोडरनं घाईत शेजारचं खोकं गाडीत टाकलं. वेदीसमोर फादरनी मोठ्या भक्तिभावानं खोकं उघडलं, तर आत गोठवलेले मटार. काकीचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल. सलमाआपानं पदर तोंडात कोंबला. फादर खोक्याकडे बघत राहिले, आणि काकीनंच त्यांना सांगितलं, की हेसुद्धा वेलीवरच येतं, वाचा तुम्ही प्रार्थना. फादरनी वाचली. त्या वर्षी आमच्या गल्लीत घरोघरी आशीर्वादाच्या मटारांची उसळ झाली, आणि काकीनं द्राक्षं मात्र पुढच्या ऑगस्टपर्यंत खाल्ली नाहीत. आम्ही म्हटलं, आता खा की, प्रार्थना तर झाली. ती म्हणाली, मटारांची झाली.

गाडीत सगळे असायचे, फक्त हिराकाकी नसायची. दोघींचं भांडण होतं अशातला भाग नाही. सासू गेल्यावर भात-आमटीच्या वाट्या भिंतीच्या इकडून तिकडे जायला लागल्या होत्या. हिराकाकीच्या गुडघ्यांना तेल कोण लावायचं, तर अनुशकाकी. पण देवळात चल म्हटलं की हिराकाकी मान फिरवायची. "तुज्या देवाला माजी भाषा येत न्हाय, मना त्याची येत न्हाय," म्हणायची, "बसून काय करू?" अनुशकाकी दर ऑगस्टला विचारायची. दर ऑगस्टला हेच उत्तर. मला वाटतं, तिला ते फार लागायचं. एकदा माझ्याजवळ बोलली. सगळी गल्ली येते, आणि माझ्याच घरातलं माणूस येत नाही... मी विषय बदलला, कारण हिराकाकीला समजवायला जाणं म्हणजे बंद पडलेल्या ट्रकला एकट्यानं धक्का मारणं.

शेवटच्या एक-दोन वर्षांत तिचा आवाज बसायला लागला. दम लागायचा. तिला मरणाची भीती नव्हती; नर्स होती, मरण रोज बघितलेलं. भीती एकच, की उत्तर कोण देणार. आम्हाला शिकवायला बसायची. आम्ही चार दिवस म्हणायचो आणि पाचव्या दिवशी शिफ्ट, पाहुणे, लेकरांची परीक्षा. मला तेवढं पहिलं वाक्य येत होतं, येव अंद होग्वुईत कुम, म्हणजे तेच, आणि तुझ्याही आत्म्याला. पुढचं सगळं गोंधळ.

गेली तेव्हा फादर लगेच पोहोचू शकले नाहीत. जवळच्या ख्रिस्ती दफनभूमीत तिला जागा मिळाली, आणि तिथल्या दुसऱ्या पंथाच्या फादरनी मोठ्या मनानं मराठीत प्रार्थना केली. सुंदर केली. पण तिच्या कानावर तिची भाषा पडली नाही, हेच परत येताना प्रत्येकाच्या मनात. कलकत्त्याला फोन केला. फादर म्हणाले, आमच्यात चाळिसाव्या दिवशी मृताची पूजा असते, त्याला मी येतो, देऊळ उघडतो. पण मग थांबून त्यांनी विचारलं, उत्तर कोण देणार? मी म्हटलं, आम्ही देऊ. फोन ठेवला आणि मग आठवलं, मला येतं ते एकच वाक्य. सलमाआपाला चाळिसावा समजावून सांगावा लागला नाही, त्यांच्यातही असतो. तिनं गाडी ठरवली. गाडी निघताना हिराकाकी काठी टेकत बाहेर आली, नवं लुगडं नेसून, आणि पुढच्या सीटवर बसली. आमच्यातल्या कुणाचीही विचारायची छाती झाली नाही.

मी महिनाभर गोडाऊनमध्ये पुटपुटत उत्तरं पाठ केली होती. हमाल म्हणायचे, मॅडमला लागलंय काहीतरी. पण देवळात तिची नेहमीची जागा रिकामी बघितली, फादरनी आमच्याकडे वळून शांतीचं वाक्य म्हटलं, आणि माझं सगळं पाठांतर उडालं. सलमाआपा माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे. फादर थांबले. हात तसाच उचललेला. सगळं इथंच संपलं, असं वाटलं.

"येव अंद होग्वुईत कुम."

हिराकाकी. बसल्या बसल्या, काठीवर दोन्ही हात ठेवून, आरती म्हणावी त्या सुरात. फादरनी पुढचं म्हटलं. तिनं पुढचं उत्तर दिलं. मग त्याच्या पुढचं. एकही चुकली नाही. तिसऱ्या-चौथ्यापासून आम्हीही तिच्या मागून म्हणायला लागलो, मला रडत रडत जमलं तेवढं. पूजा पूर्ण झाली. अनुशकाकीसाठी, अनुशकाकीच्या भाषेत.

बाहेर चपला शोधताना मी विचारलंच, काकी, हे कधी शिकलीस? ती माझ्यावरच खेकसली. म्हणाली, दर रविवारी सकाळी भिंतीपलीकडे बसून बोंबलायची ती, फादरचंही तीच आणि उत्तरंही तीच, जन्मभर ऐकतेय, शिकायला काय लागतंय? मग चप्पल पायात सरकवता सरकवता, माझ्याकडे न बघता, म्हणाली, की शेवटी शेवटी तिला दम पुरायचा नाही. ती फादरचं म्हणायची आणि थांबायची, तेव्हा उत्तर मी द्यायची. भिंतीच्या अलीकडून. एकदाही दोघींत हा विषय निघाला नाही. भात-आमटीची वाटी तेवढी इकडून तिकडे गेली असेल.

मी तिथेच पायरीवर बसले. अनुशकाकीला ठाऊक होतं तर. ज्या एका माणसाची ती इतकी वर्षं वाट बघत होती, ते दर रविवारी भिंतीला पाठ लावून बसलेलं होतं.

फादर दाराला कुलूप लावून आले. हिराकाकीसमोर वाकून त्यांनी हिंदीत विचारलं, की अगस्त में आऊँ? हिराकाकीनं आधी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"या तुमी," ती म्हणाली. "आमी हाव उत्तर द्याला."

मी ते हिंदीत सांगायला लागले, पण फादरनी हातानंच मला थांबवलं. त्यांना कळलं होतं.