हे दार आर. के. यांच्याकडे आहे

आई शप्पथ निख्या, यातला शब्दन् शब्द खरा आहे. म्हणजे दोन-तीन ठिकाणी मी हजर नव्हतो, आणि जिथे हजर होतो तिथे भीतीने माझे डोळे मिटलेले होते. पण बाकी सगळं खरं. ऐकताना घाबरलास, तर आजचे पोहे-जलेबी तुझ्याकडून. मंजूर?

शाहपुऱ्यातल्या आमच्या ऑफिसात आम्ही चौघं. देशमुख मॅडम बॉस, नागपूरच्या. इरफान पाइप आणि हवेचे डक्ट बघतो. वाघमारे काका साइट सांभाळतात, आनंद नगरला राहतात. आणि मी. इमारत बांधायच्या आधी ती कंप्युटरमध्ये अख्खी उभी करायची, हे आमचं काम. भिंती, बीम, दारं, सगळं एकाच मॉडेलमध्ये. कुठे दोन वस्तू एकमेकींत घुसल्या की लाल ठिपका येतो, त्याला म्हणायचं क्लॅश. संध्याकाळी सगळे क्लॅश मिटवून घरी जावं, तर सकाळी नवे वीस हजर! आमच्याकडे किस्सेही तसेच साचतात.

*

इरफानचा डक्ट एकदा मॅडमच्या बीममधून आरपार गेला.

इरफान म्हणाला, "मॅडम, बीम थोड़ा खिसका लो ना."

मॅडम म्हणाल्या, "काऊन रे, बीम म्हणजे सोफा आहे का?"

काका मागून म्हणाले, "आमच्या वेळी हे असले क्लॅश घणाने मिटायचे."

इरफानने त्याच दिवशी डक्ट वळवला. घण काकांच्या गाडीत असतो, हे त्याला माहीत आहे.

*

एका क्लायंटला पश्चिमेची पूर्ण भिंत काचेची हवी होती. मॅडमनी मॉडेलमध्ये मे महिन्याची दुपार लावून दाखवली. खोल्या लालभडक!

"ये लाल क्यों है?"

"गर्मी, सर. यहाँ आदमी बैठ नहीं पाएगा."

क्लायंटने खूप विचार केला. मग म्हणाला, "तो नीला कर दो ना!"

*

आता माझा गुन्हा. काकांचा फोटो वापरून मी मॉडेलमध्ये एक माणूस बनवला. तोच मफलर, तेच पिवळं हेल्मेट. आणि तो लिफ्टच्या खड्ड्यात उभा केला. मग काकांच्या डोळ्यांवर व्हीआरचा चष्मा चढवला आणि म्हटलं, "काका, जरा लिफ्ट चेक करा."

काकांनी खाली वाकून बघितलं. चष्मा काढला. स्वतःची नाडी बघितली.

"बंट्या, मी तिथे खाली आहे."

"हो काका."

"मग इथे चहा कोण पितोय?"

दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, "एक दिवस तुला असा घाबरवीन ना, की आई आठवेल!"

*

मॉडेलमध्ये एक नियम आहे. एखादी वस्तू तुम्ही कामाला घेतली की ती तुमच्या नावावर होते. तुम्ही सोडेपर्यंत दुसऱ्याला तिला हात लावता येत नाही. नर्सिंग कॉलेजच्या मुलींच्या होस्टेलमध्ये, चौथ्या मजल्यावर, जिन्याचं एक दार होतं. त्याच्यावर क्लिक केलं की यायचं, "हे दार आर. के. यांच्याकडे आहे."

काकांनी विचारलं, "हे आर. के. कोण?"

"आधी इथे मॉडेलर होते. वर गेले."

काकांनी छातीवर हात ठेवला. "अरेरे! वय काय?"

"चाळीस."

"काय झालं होतं?"

"पगार कमी होता."

पुढच्या आठवड्यात आर. के. सर चार्जर मागायला आले. मी म्हटलं, "काका, हेच ते आर. के.!" काकांचा चहा मॅडमच्या कीबोर्डवर गेला.

मी खोटं बोललोच नव्हतो. आर. के. सर वरच गेलेत. तिसऱ्या मजल्यावरच्या कंपनीत.

*

याच होस्टेलमध्ये काकांची नात सई राहायला जाणार होती. काकांनी स्वतः वॉर्डनच्या मागे लागून तिच्यासाठी कोपऱ्याची खोली मागून घेतली, चारशे तीन. अभ्यासाला शांत म्हणून.

सोमवारी मुली येणार होत्या. शनिवारी सकाळी मॅडमनी मॉडेलमध्ये आग लावून बघितली. प्रत्येक मुलगी म्हणजे एक हिरवा ठिपका, ते ठिपके पळत जिन्याने खाली येतात. चौसष्ट ठिपके पळाले. खाली त्रेसष्ट आले.

पुन्हा चालवलं. त्रेसष्ट.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "बंट्या, तुझा चावटपणा?"

"नाही हो मॅडम!"

चौसष्टावा ठिपका चारशे तीनमध्ये होता. दाराशी, जागच्या जागी थरथरत.

आर. के.चं ते जिन्याचं दार कॉरिडॉरमध्ये उघडत होतं. उघडलं की चारशे तीनच्या दारावर पालथं पडायचं, आणि चारशे तीनचं दार बाहेर उघडणारं. म्हणजे बाकीच्या पळाल्या, की ही आत बंद. क्लॅशमध्ये हे दिसलंच नव्हतं, कारण क्लॅश तपासताना सगळी दारं मिटलेली असतात.

काका गाडीची किल्ली घेऊन उठले.

*

साइटवर दारं अगदी मॉडेलसारखीच लागली होती. काका चारशे तीनमध्ये गेले. आतून म्हणाले, "जिन्याचं दार उघडा, आणि गर्दी असते तसे टेकून उभे राहा."

मी आणि इरफान टेकलो. आतून धक्का बसला. मग दुसरा.

"बस. आता काढा मला."

आम्ही दार ओढलं. हलेना! आमच्या दाराचा हँडल त्यांच्या हँडलमध्ये अडकला होता.

आतून जोरजोरात थापा. "बंट्या! अरे उघड!"

मला वाटलं, आलं, लिफ्टचा बदला आला. मी म्हटलं, "काका, नाटक पुरे. छान जमलंय."

थापा थांबल्या.

ती शांतता, निख्या, मला अजून ऐकू येते. इरफान माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "भाई, चाचा एक्टिंग नहीं कर सकते."

मी काकांच्या गाडीतून घण आणला. चौथ्या घावाला हँडल तुटला. काका भिंतीला टेकून बसले होते, शर्ट घामाने चिंब. मला शिवी दिली नाही. फक्त म्हणाले, "आता मोज. चौसष्ट."

*

ठेकेदार ऐकेना. "नया ड्रॉइंग लाओ साहब, जो ड्रॉइंग में है वही लगेगा." नवं ड्रॉइंग मॉडेलमधून निघणार, आणि मॉडेलमध्ये दार आर. के. यांच्याकडे. ऑफिसात परतलो तर मॅडम म्हणाल्या, कॉपी काढून नव्याने जुळवायचं तर दोन दिवस. तेवढ्यात मुली येणार, सई येणार.

मॅडमनी "परवानगी मागा" दाबलं. मी आर. के. सरांना सांगायला वर पळालो. तीन पायऱ्या चढलो असेन, मागून इरफान ओरडला, "आ गई परमिशन!"

मॅडमनी दार उलटं फिरवलं. आग लावली. चौसष्ट! ड्रॉइंग गेलं, सुताराने दिवस मावळायच्या आत दार बदललं.

मग मी मिठाईचा डबा घेऊन वर गेलो. "थँक यू सर, लगेच परवानगी दिलीत."

आर. के. सर म्हणाले, "कसली परवानगी? मी सोडलं त्याच दिवशी मॅडमनी माझा लॉगिन बंद केला. विचार त्यांना."

मी खाली आलो. मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "हो, मीच बंद केला होता."

चौघांनी मॉडेल उघडलं. दारापाशी लिहिलं होतं, "परवानगी दिली, आर. के." आणि खाली शेऱ्याच्या जागी एक ओळ होती. "चारशे तीनमधली मुलगी बाहेर आली का?"

काकांनी ती ओळ दोनदा वाचली. मग माझा हात घट्ट धरला. "बंट्या, हे तूच केलंस ना? सांग ना रे. तूच ना?"

…

निख्या, चमचा का वाजतोय तुझा? थंडी? बिट्टन मार्केटात, भर दुपारी?

चल, काढ पैसे. दोन प्लेट पोहे, आणि जलेबी मी आत्ता अजून एक प्लेट मागवतोय.